सफरचंदांना गुंडाळलेली कादंबरी

७ नोव्हेंबर १९५४, रविवार

कादंबरी संपली. दुपारी साडेतीनला शेवटचा पूर्णविराम दिला. सहा वर्षं, दोनशे एक्क्याऐंशी पानं, प्रत एकच. टॉन्टनची टाइप करणारी बाई सोडली तर माझं अक्षर कुणाला लागत नाही, त्यामुळे चोरीची भीती नाही.

आता नेहमीची शिस्त. संपलेली कादंबरी महिनाभर खणात, कुलपात. मुरू द्यायची, मग परक्याच्या नजरेने वाचायची. किल्ली मिसेस टटनकडे. मिसेस टटन चौदा वर्षं माझं घर झाडते आहे आणि माझ्या चुका काढते आहे, दोन्ही कामं मनापासून. "मी पाया पडले तरी द्यायची नाही," असं तिला बजावलं. ती म्हणाली, "तुम्ही कसल्या पाया पडताय!"

आज लायोनेलला जाऊन अकरा वर्षं झाली. सकाळी थडग्यावर शेवंती ठेवून आले. कादंबरीतली मारियनही विधवा आहे, म्हणजे लोक विचारणारच, की ही तुम्हीच का? अजिबात नाही. मारियन उंच आहे.

संध्याकाळी हेंब्रो कागद न्यायला आले. चर्चची बाग तेच बघतात, आणि बागेतली ब्रॅम्ली सफरचंदं माझ्या तबेल्यावरच्या माळ्यावर ठेवतात. एकेक फळ कागदात गुंडाळायचं, म्हणजे एक सडलं तरी शेजारचं वाचतं. कागद माझे, रद्द केलेल्या पानांचे. समीक्षकांनी काहीही म्हणावं, माझ्या लेखनाने अकरा हिवाळे फळं टिकवली आहेत.

टेबलावर दोन गठ्ठे बांधून ठेवले होते. चांगल्या प्रतीला निळी फीत, रद्दीला पांढरी. माझे डोळे भरून आलेले, लायोनेल, कादंबरी आणि सर्दी अशी तिन्ही कारणं होती. एक गठ्ठा हेंब्रोंच्या हातात कोंबला, दुसरा खणात टाकून किल्ली फिरवली. सुटले.

"आत या ना, चहा होतोय," मी म्हटलं.

"बूट चिखलाचे आहेत, बाई."

अकरा वर्षं हेच उत्तर आणि हाच उंबरठा. मीही चिडून विचारलं, "एवढे कागद नेता माझे, कधी काही वाचता तरी का?"

"मी वाचत नाही, बाई. गुंडाळतो," असं म्हणाले आणि टोपीला हात लावून गेले.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार

लंडनहून प्रकाशक गॅरड यांचं पत्र. 'तुमच्या मागच्या दोन्ही कादंबऱ्यांत माणसं खिडकीतून बाहेर बघत बसतात आणि काही घडत नाही. या वेळी काहीतरी घडेल अशी आशा आहे. ३१ जानेवारीनंतर मात्र आम्ही थांबू शकणार नाही.' तिसऱ्यांदा मुदत दिली आहे आणि चौथी मिळायची नाही, एवढं पत्रावरून कळतं. मी पत्र चहादाणीखाली ठेवलं. माझ्या कादंबरीत पूर येतो. आणखी काय घडायला हवं?

माळ्यावर जाऊन आले. हेंब्रो फळ बोटांत फिरवतात, देठाजवळ हुंगतात आणि निकाल देतात. "हे टिकेल." किंवा "हे नाही." डागी फळ कधीच गुंडाळत नाहीत. "डागी फळ एकटं जात नाही, शेजाऱ्याला घेऊन जातं," म्हणाले. वाक्य चांगलं आहे. कुठेतरी वापरीन.

२१ नोव्हेंबर, रविवार

पुडिंग ढवळण्याचा रविवार. चौदा वर्षांनंतर शिधापत्रिकेशिवाय पहिला ख्रिसमस येतोय, तेव्हा मिसेस टटनने मनुका आणि चरबी अशी घातली की चमचा उभा राहिला. युद्धातल्या गाजराच्या पुडिंगचा सूड घेतला म्हणे.

आम्ही दोघींनी रिवाजाप्रमाणे डोळे मिटून, मनात काहीतरी मागून ढवळलं. मी ३१ जानेवारी मागितली. तेवढ्यात हेंब्रो कुंपणाच्या भिंतीवर कांद्याच्या पातीसारख्या लीकची जुडी ठेवायला आले. ते खरं तर गुरुवारी ठेवतात, गेल्या गुरुवारी पाऊस होता. मिसेस टटन ओरडली, "या हो, ढवळा! घराला पुरुषाचा हात लागू दे एकदा." बूट चिखलाचे होतेच. मग ती बाई ते मणभर पातेलं उचलून उंबरठ्यापर्यंत घेऊन गेली आणि हेंब्रोंनी बाहेर उभं राहून, हात लांब करून ढवळलं. डोळे मिटले ते मिटलेच.

"झोपलात काय?" मिसेस टटन म्हणाली.

एवढा वेळ काय मागत होते कोण जाणे. बागेसाठी असेल. गेल्या वर्षी कीड फार होती.

२८ नोव्हेंबर, रविवार

चर्चनंतर सफरचंदांची वाटणी. आमच्या नेदर कूममध्ये चोवीस घरं, प्रत्येकाला डझन, हा रिवाज माझ्या आधीचा आहे. माझा डझन कोठीत टोपलीत तसाच ठेवला, गुंडाळलेला. ख्रिसमसला भाजायला होतील.

३ डिसेंबर, शुक्रवार

गावाला काहीतरी झालं आहे. पोस्टात मिस कर्लने तिकिटं देता देता लांब उसासा टाकला. "तिनं ते पत्र उघडायला हवं होतं."

"कुणी?"

तिने छताकडे पाहिलं. "असंच आपलं. बाईमाणसानं इतकं ताठ राहू नये, मिसेस लँगमेड."

मिस कर्ल स्वतः पासष्ट वर्षं इस्त्रीच्या फळीसारखी ताठ आहे. तिने हे मला सांगावं! पुढे लोहार मीकर भेटला. त्याने टोपी काढली (कधी काढत नाही) आणि विचारलं, "काय बाई, पुढे काय होणार?" मी म्हटलं, बर्फ पडेल. तो हिरमुसला आणि निघून गेला.

७ डिसेंबर, मंगळवार

महिना झाला. मिसेस टटनने समारंभाने किल्ली दिली. खण उघडला. गठ्ठ्याला पांढरी फीत.

पायाखालची जमीन सरकणे हा वाक्प्रचार मी तीन कादंबऱ्यांत वापरला आहे आणि तिन्ही वेळा खोटा वापरला. खरं काय होतं, तर पाय जागेवरच असतात आणि माणूस खण बंद करून पुन्हा उघडून बघतो. खणात सहा वर्षांची रद्दी होती. माझी कादंबरी सफरचंदांभोवती होती, आणि सफरचंदं चोवीस घरांत. पाय आपटत बागेत गेले. हेंब्रो शिडीवर चढून फांद्या छाटत होते. मी खालून ओरडले. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण 'एवढी साधी अक्कल नाही' हे होतं आणि 'वाचता येत नसेल तर विचारायचं' हेही होतं. ते शिडी उतरले, टोपी हातात घेतली, आणि मी थांबेपर्यंत उभे राहिले.

"चूक माझी असेल, बाई," एवढंच म्हणाले.

असेल! मला तर वाटलं, त्यांनी भांडावं.

८ डिसेंबर, बुधवार

डोळ्याला डोळा नाही. सकाळी मिसेस टटनला सगळं सांगितलं. तिने हातातलं फडकं खाली ठेवलं. हे ती सहसा करत नाही.

"गठ्ठा तुम्ही दिलात त्यांना. माझ्या डोळ्यांदेखत. निळ्या फितीचा. ते म्हणाले, 'बाई, हाच ना?' तर तुम्ही म्हणालात, 'हाच, घेऊन जा, मला बघवत नाही.' आणि नाक शिंकरलंत."

"मग तू का नाही बोललीस?"

"मला काय माहीत कुठली फीत कसली! लिहिता तुम्ही, बांधता तुम्ही."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. भर बागेत, शिडीखाली, त्या माणसाच्या तोंडावर मारल्या मी. आणि त्याला माहीत होतं. विचारलं होतं त्याने, आणि काल ते सांगितलं नाही.

कोठीतली माझी टोपली उघडली. बारा सफरचंदं, बारा पानं. पान ४० हातात आलं तेव्हा रडू आलं आणि हसूही. कागदाला गोडसर आंबट वास येत होता.

९ डिसेंबर, गुरुवार

भिंतीवर लीक नाहीत.

१२ डिसेंबर, रविवार

पाद्री ॲशकॉट यांनी प्रवचनपीठावरून जाहीर केलं. आधी सोळा तारखेच्या लग्नाची घोषणा, मग चर्चच्या छताला पडलेलं भोक, मग: "मिसेस लँगमेड यांच्या कादंबरीची पानं ज्या घरांत असतील, त्यांनी ती सपाट करून पोस्टात मिस कर्लकडे द्यावीत. जाळली असल्यास तसं सांगावं, कुणी रागावणार नाही." थोडं थांबून ते म्हणाले, "आणि १२७ क्रमांकाचं पान कुणाकडे असेल तर कृपया आज दुपारीच. १२६ माझ्याकडे आहे आणि तिथे पाणी जिन्यापर्यंत आलं आहे."

सबंध चर्च हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं, पण का कोण जाणे, छाती हलकी झाली. जाळली नव्हती. वाचली होती, माझं अक्षर लावून.

संध्याकाळपर्यंत सव्वीस पानं आली. माझ्या बारासकट अडतीस.

१५ डिसेंबर, बुधवार

एकशे चौऱ्याण्णव. मिस कर्लने पोस्टात दोरी बांधली आहे आणि पानं क्रमाने चिमट्यांनी लावली आहेत, वाळायला म्हणे. लोक तिकिटं घ्यायला येतात आणि अर्धा तास दोरीखाली मान वर करून उभे राहतात. कालपासून गावात एकही माणूस तिकीट घेऊन लगेच घरी गेलेला नाही.

पान ६३ केकच्या भांड्याला अस्तर म्हणून लागलं होतं, त्यावर लोण्याचा गोल आहे. पान २०२च्या मागे कुणीतरी मोहरी, मेणबत्त्या, मोजे अशी यादी केली आहे. पाद्रींनी ११८ वर चार स्वल्पविराम घातले आहेत. चारही बरोबर आहेत, हे जास्त लागलं.

आणि मतं! दिवाळं निघालेल्या माणसाला जशी सगळ्यांची मतं ऐकावी लागतात तशी मी ऐकते आहे. मीकर म्हणतो, पूर अजून चढायला हवा. पाद्रींच्या बहिणीला मारियनच्या स्वयंपाकघरात पुरेसं सरपण वाटत नाही. आणि नावाड्याबद्दल सगळ्यांचं एकमत आहे.

सायलस नावाडी मारियनला नदीपार नेतो, गुरुवारी तिच्या भिंतीवर मासे ठेवतो, आणि कधी घरात येत नाही. मिसेस टटन पीठ मळता मळता म्हणाली, "जेसी छान उतरलेत हो."

"कोण जेसी?"

"जेसी हेंब्रो. नावाडी."

"मूर्खासारखं बोलू नकोस. सायलसला होडी आहे."

"हो ना," ती म्हणाली. "हेंब्रोंकडे शिडी आहे." आणि पीठ असं आपटलं की विषय संपला.

लोकांना कल्पना म्हणजे काय ते कळत नाही. गाढवाला गुळाची चव काय.

१९ डिसेंबर, रविवार

दोनशे अठ्ठेचाळीस. हेंब्रोंची पानं आली, मिस कर्लच्या हातून. अकरा. इस्त्री केलेली. मिस कर्ल म्हणाली, "मी विचारलं, बाराव्याचं काय? म्हणाले, बारावं फळ अजून उघडलं नाही. माळी आपलं शेवटचं फळ बागेच्या आधी खात नाही."

हे खरं आहे. सतरा जानेवारीला, म्हणजे जुन्या कालगणनेप्रमाणे ख्रिसमसनंतरच्या बाराव्या रात्री, पुढचं पीक चांगलं यावं म्हणून आपण झाडांना सायडर, सफरचंदाची दारू, पाजतो. झाडांचं झाल्यावर माळी आपलं ठेवलेलं फळ कापतो. हेंब्रोंचे वडील करायचे, त्यांचे वडील करायचे. पण निदान यंदा!

भिंतीवर या गुरुवारीही काही नव्हतं. लीक बाजारातही मिळतात म्हणा.

२३ डिसेंबर, गुरुवार

माफी मागायला गेले. हेंब्रो दारात होते, सुतळी गुंडाळत. मी वाटेत तीन वाक्यं पाठ केली होती. मी म्हटलं, "यंदा लीक छान आले आहेत." ते म्हणाले, "हो, बाई." मी म्हटलं, "मग चांगलं आहे." आणि परत आले.

मी लेखिका आहे. एकवीस वर्षं लोक मला शब्दांचे पैसे देतात.

२५ डिसेंबर, शनिवार. ख्रिसमस

चर्चमध्ये 'हेंब्रो एकटेच जेवणार' असं मिसेस टटनने मला चार वेळा सांगितलं. शेवटी ताटात पुडिंगचा तुकडा घेतला, वर फडकं टाकलं आणि निघाले. दार उघडल्याबरोबर, श्वास घ्यायच्या आधी बोलून टाकलं.

"गठ्ठा मीच दिला. तुम्ही विचारलं होतं. मी वाट्टेल ते बोलले. मला क्षमा करा."

हेंब्रोंनी ताटावरचं फडकं नीट केलं. "माझी ताई गेली तेव्हा मी दुधवाल्याला मारलं होतं," ते म्हणाले. "त्या दिवशी लायोनेल साहेबांची तारीख होती ना. मला तेव्हाच वाटलं, गठ्ठ्याचं पुन्हा विचारावं. पण रडणाऱ्या माणसाला दोनदा विचारू नये."

म्हणजे माझे डोळे सर्दीचे नव्हते हे त्यांना कळलं होतं.

"आत या, बाई," त्यांनी म्हटलं. माझे बूटही चिखलाचे होते. मी म्हटलं, "बूट चिखलाचे आहेत." आणि आम्ही दोघंही हसलो, दारात उभं राहून, थंडीत, पुडिंग गार होईपर्यंत. घरी येताना मला चक्क गाणं म्हणावंसं वाटलं. म्हटलंही, पण शेवटच्या वळणापर्यंतच, कारण पुढे मिस कर्लचं घर लागतं.

३० डिसेंबर, गुरुवार

भिंतीवर लीक. दोन जुड्या.

६ जानेवारी १९५५, गुरुवार

ख्रिसमसच्या हिरव्या फांद्या उतरवल्या. दोनशे ऐंशी पानं टेबलावर आहेत, क्रमाने. शेवटचं, दोनशे एक्क्याऐंशीवं, नाही. चोवीस घरं पालथी घातली. राहिलं ते एकच फळ, हेंब्रोंच्या खिडकीतल्या फळीवरचं.

शेवटच्या पानावर सगळं आहे. पूर ओसरलेला आहे, सायलस पहिल्यांदाच पायऱ्या चढून दारापर्यंत आला आहे, आणि मारियन त्याला सांगते की उद्यापासून यायची गरज नाही. तिने काय शब्द वापरले ते मला हवे आहेत. सहा महिने त्या शब्दांवर घालवले होते. आज बसून आठवायचा प्रयत्न केला. तो दारात येतो, टोपी हातात, इथपर्यंत सगळं लख्ख दिसतं. पुढे घोडं पेंड खातं. आता तीन आठवडे आणि चार दिवस आहेत, त्यातले दहा दिवस टॉन्टनच्या बाईचे.

हेंब्रोंना गाठलं. "फक्त कागद काढा, फळ राहू द्या!"

"कागद काढला की फळ उघडलं, बाई."

"माझ्या पुस्तकाचा प्रश्न आहे."

"बागेचाही आहे," ते म्हणाले. मग जरा हळू आवाजात, "अकरा दिवस. थांबणं मला जमतं."

मला नाही जमत. आणि हे त्यांनी का सांगितलं तेही कळलं नाही.

१२ जानेवारी, बुधवार

बर्फ. मीकरचं पहिल्यापासून ऐकायला हवं होतं, असं आता तोच म्हणतो, जरी बर्फाचं मीच म्हणाले होते. रोज सकाळी शेवटचं पान लिहायला बसते. रोज मारियन त्याला वेगळ्या शब्दांत जायला सांगते, आणि प्रत्येक वेळी तो जातच नाही, दारात उभा राहतो. माझ्याच पात्राला मला घालवता येत नाही.

मिसेस टटनला शेवट सांगितला. ती म्हणाली, "घालवते? त्या बिचाऱ्याला? एवढा पूर पोहून आलेल्याला?"

"ती स्वतंत्र बाई आहे."

"स्वतंत्र असेल हो. पण मासे कोण आणणार?"

१७ जानेवारी, सोमवार

दिवेलागणीला सगळं गाव बागेत. डबे, पळ्या, मीकरची बंदूक. गुडघाभर बर्फात सर्वात जुन्या ब्रॅम्लीभोवती उभे राहिलो. हेंब्रोंनी मुळांशी सायडर ओतली, सायडरमध्ये बुडवलेला टोस्ट फांदीच्या बेचक्यात ठेवला, आणि सगळ्यांनी असा गोंगाट केला की पलीकडच्या टेकडीवरची मेंढरं उठली असतील. झाड जागं झालं असं धरून चालायचं.

मग हेंब्रोंनी खिशातून फळ काढलं. सगळे गप्प झाले, झाडासाठी नव्हे, पान २८१ साठी. पाद्री तर पायांच्या बोटांवर उभे होते.

कागद निघाला आणि वास आला. फळ आतून सडलेलं होतं. देठापासून खालपर्यंत तपकिरी, मऊ. कागद त्याला चिकटला होता. हेंब्रोंनी तो दोन बोटांनी अलगद सोडवला आणि माझ्या हातात दिला. कंदिलाजवळ धरला. वरच्या सात ओळी स्पष्ट: पूर ओसरला, तो पायऱ्या चढला, मारियनने दार उघडलं. खाली फक्त डाग. शाई आणि सफरचंद एक झालेलं.

"अरेरे," मिस कर्ल म्हणाली.

मी रडेन असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं होतं. पण खांद्यावरून कुणीतरी ओझं उतरवून घेतल्यासारखं झालं. ते शब्द आता कुठेच नव्हते, म्हणजे मला ते शोधायचे नव्हते. मी हसायला लागले. मीकरला वाटलं सायडर चढली, त्याने बंदुकीचा आणखी एक बार काढला.

परतताना मिसेस टटन माझा दंड धरून म्हणाली, "चाळीस वर्षं मी या गावात आहे. जेसी हेंब्रोच्या हातचं फळ जानेवारीत सडलेलं मी पाहिलं नाही. डागी फळ तो माणूस गुंडाळतच नाही."

"होतं एखादं," मी म्हटलं. "माणूस आहे."

"हो ना," ती म्हणाली. बर्फात तिचे पाय जरा जास्तच जोरात पडत होते.

१८ जानेवारी, मंगळवार

सकाळी सातला बसले, नऊला उठले. एक पान. मी आजवर लिहिलेलं सगळ्यात सोपं पान. मारियन दार उघडते, तो म्हणतो बूट चिखलाचे आहेत, आणि ती म्हणते, मग काढा.

शाई वाळायच्या आत मागचं दार वाजलं. आज मंगळवार आहे, गुरुवार नाही. जेसी उंबरठ्यावर उभा होता, हातात रिकामी टोपली. कालच्या फळाबद्दल वाईट वाटलं, म्हणाला, बदल्यात काय देऊ ते कळेना, म्हणून टोपली रिकामीच आणली.

"आत या," मी म्हटलं.

"बूट..."

"काढा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बुटांकडे. खाली बसला आणि नाड्या सोडायला लागला. बर्फाने गाठी घट्ट झाल्या होत्या, बराच वेळ गेला. मी काही घाई केली नाही. एका पायात करडा मोजा होता, दुसऱ्यात निळा. स्वयंपाकघराच्या फरशीवर तो असा चालत आला, जणू ती जास्त दाबली तर फुटेल.

चहा ओतला. मग मी विचारलंच. "ते शेवटचं पान. तुम्ही वाचलं होतं?"

"मी वाचत नाही, बाई," जेसी म्हणाला. "गुंडाळतो." आणि कानापर्यंत लाल झाला.

मी चहादाणी खाली ठेवली. निळ्या फितीचा गठ्ठा. चोवीस घरं, आणि नेमकं शेवटचं पान त्याच्याच वाट्याला. इस्त्री केलेली अकरा पानं. डागी फळ, जे तो कधीच गुंडाळत नाही. अकरा हिवाळे माझे कागद त्या बोटांमधून गेले आहेत, एकेक, दोन्ही बाजूंनी. देवा, मी किती बावळट बाई आहे.

हे मी त्याला सांगितलं नाही. नवीन पान उचललं आणि वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. त्याने टोपी गुडघ्यावर ठेवून, मान खाली घालून ऐकलं. वाचून झाल्यावर कागद मागितला, हातात घेतला, वळवून मागची कोरी बाजू पाहिली, पुन्हा सुलटा केला.

"हे टिकेल," जेसी म्हणाला.

दुपारच्या टपालाने टॉन्टनला पाठवायचं आहे. मिस कर्ल आधी वाचेल, वाचू दे. बूट अजून दाराशी आहेत, आणि बाहेर पुन्हा बर्फ पडायला लागला आहे.